पुढच्या ब्रेकचा दाखला

दौंडला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहिलो, ते माझे घरमालक मोटारसायकलच्या इंजिनाला हात लावत नसत. कुणी बंद पडलेली गाडी ढकलत त्यांच्या दारात आणली, तर ते ओट्यावर बसूनच विचारत, "चालू व्हत न्हाई?"

"न्हाई ना चाचा, सकाळपास्नं किक मारतोय."

"मग ब्येस हाय की! बंद गाडीनं आजवर कुनी मेलं न्हाई. चालू झाली की आना."

त्यांचा विषय ब्रेक. त्यातही पुढचा, तेलावर चालणारा डिस्क ब्रेक. मागच्या ब्रेकला ते नुसती 'सळई' म्हणत, आणि सळई काय कुणीही नीट करावी, असं त्यांचं मत होतं.

सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत फिटर म्हणून केली होती. दौंड जंक्शनात गाडी आली की हातोडी घेऊन डब्याडब्याखाली वाकायचं आणि ब्रेक तपासायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते घरात बसून होते. चाची सांगायच्या, त्या दोन वर्षांत त्यांनी घरातल्या प्रत्येक दाराची कडी तीन-तीनदा बदलली. पुढे डिस्क ब्रेकच्या मोटारसायकली रस्त्यावर दिसू लागल्या, आणि चाचांना पुन्हा ड्युटी मिळाली. ते तिला ड्युटीच म्हणत. सकाळी आठ ते बारा. पायात बूट घालून, अंगणातच.

गाडीवाल्याने सीलबंद ब्रेक ऑइलची बाटली आणायची, एवढीच त्यांची अट. झाकण उघडलेली बाटली कुणी आणली तर ते ती हातातसुद्धा घेत नसत. "हे तेल पानी पितं," ते सांगत. "झाकान उघडं ऱ्हायलं की हवेतनं पानी पितं. पिलेल्या मानसाच्या भरवशावर तुमी गाडी सोडता का?"

त्यांच्या घरात कुणीही पीत नव्हतं, पण हे उदाहरण त्यांच्या फार आवडीचं होतं.

मी मूळचा कासुर्डीचा. घरी शेवंती, झेंडू आणि भाजीपाला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. बी.एड. झाल्यावर मांडवगण फराट्याच्या एका हायस्कुलात शिक्षण सेवक म्हणून लागलो. तीन वर्षं सेवक म्हणून काढायची, मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला तर मग कायम, असा तेव्हाचा नियम होता. त्याच काळात मी बाहेरून एम.ए. करत होतो आणि पुण्याला जायला दौंडहून रेल्वे सोयीची पडे, म्हणून तिथे खोली बघितली.

खोली देताना चाचांनी मला गाव विचारलं नाही, खाणंपिणं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "गाडी हाय का?"

"जुनी घेतोय. कुरकुंभच्या कंपनीतल्या एका कामगाराची."

"पुढं ब्रेक कंचा?"

"डिस्क."

"मग या," ते म्हणाले. "खोली झाडून घ्या. पर गाडी आधी मला दावल्याबिगर भीमा वलांडायची न्हाई."

गाडी आणली त्याच दिवशी त्यांनी मला पहिला धडा दिला. हँडलवरच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. भोवती ओलं फडकं गुंडाळलं, कारण हे तेल सांडलं तर रंग खातं. खाली चाकापाशी, जिथे ब्रेक डिस्कला पकडतो तिथल्या छोट्या निपलवर आठ नंबरचा रिंग पाना बसवला आणि निपलच्या तोंडाला सलाईनची पारदर्शक नळी लावली. नळीचं दुसरं टोक थोडं तेल घातलेल्या काचेच्या बाटलीत बुडवलं. मग मला गाडीवर बसायला सांगितलं.

"आता हितनं पुढं मी बोलंन तसं बोलायचं. मुकाट ऱ्हायचं न्हाई. मी म्हनंन दाबा, तुमी चार डाव ब्रेक मारायचा आन् पाचव्याला धरून ठिवायचा. धरला की म्हनायचं, धरलं. मोठ्यानं. मग मी निपल ढिला करनार, तेल नळीत येनार, तुमचा लिव्हर खाली जानार. जाऊ द्या. पर सोडायचा न्हाई. मी निपल बंद करून 'सोडा' म्हनंन, तवाच सोडायचा. आधी सोडला तर काय व्हईल?"

"काय होईल?"

"मास्तर हाय ना तुमी? सांगा."

मी विचार केला. "बाहेरची हवा ढिल्या निपलच्या आट्यांतून आत ओढली जाईल."

ते खूश झाले. चाचींना हाक मारून म्हणाले, "अगं, भाडेकरू शिकलेला हाय!"

दाबा, धरलं, सोडा. दाबा, धरलं, सोडा. प्रत्येक वेळी नळीतून तेलाबरोबर छोटे-छोटे बुडबुडे जात आणि चाचा पान्याच्या दांड्याने ब्रेकवर टिचक्या मारून अडकलेले बुडबुडे हलवत. मधूनच वरच्या डबीत तेल टाकत, कारण ती रिकामी झाली तर पुन्हा हवा. असं अर्धा तास चाललं. शेवटी सलग दहा वेळा एकही बुडबुडा आला नाही तेव्हा ते उठले. त्यांनी लिव्हर दोन बोटांनी दाबून पाहिला. तो दगडासारखा घट्ट झाला होता.

"रेल्वेत हवा आपली दोस्त हुती," ते हात धूत म्हणाले. "माझ्या जुन्या डब्यांत नळीत हवा शिरली की ब्रेक लागायचा. मानसं साखळी वढतात तवा काय व्हतं? हवाच शिरती आन् गाडी थांबती. हितं हवा शिरली की ब्रेकच जातो. हवा तीच, मास्तर. फक्त खातं बदललं."

लिव्हर दाबायला गाडी चालवणाराच बसला पाहिजे, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. भाऊ चालत नसे, मित्र चालत नसे. "जो चालवनार त्याच्या हाताला ब्रेक कळला पायजे," एवढंच कारण ते देत. एकदा दुसऱ्याच्या गाडीवरून लग्नाला निघालेले एक आप्पा आले होते. 'मालकाला कशाला त्रास, मीच दाबतो की' म्हणाले. चाचांनी त्यांना पाणी दिलं, पान खायला दिलं आणि तसंच परत पाठवलं.

काम झालं की दाखला मिळे. रेल्वेत ब्रेक तपासल्याचा कागद सह्या होऊन हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. तीच रीत चाचांनी अंगणात चालू ठेवली होती. जुन्या कार्बनच्या पॅडवर ते गाडीचा नंबर लिहीत आणि खाली, 'पुढचा ब्रेक पाहिला. हवा नाही. गाडी सोडण्यास हरकत नाही.' त्याखाली तीन सह्या. फिटर, ड्रायव्हर, गार्ड. फिटर म्हणजे ते स्वतः. ड्रायव्हर म्हणजे गाडीवाला. मागे जी व्यक्ती बसेल ती गार्ड. मी नवऱ्याच्या मागे बसून आलेल्या बायकांना तिथे हसत-लाजत सही करताना पाहिलंय. एक आजीबाई अंगठा उठवून म्हणाल्या होत्या, "जमिनीच्या कागदाला बी एवढं केलं न्हाई बाबा."

मेन रोडवरचे मेकॅनिक त्यांची चेष्टा करत. "चाचा, हॉर्नचा बी दाखला देता का?" चाचा गंभीरपणे म्हणत, "हॉर्न तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तुमाला लागतो."

एस.टी.त बसतानाही ते ड्रायव्हरच्या केबिनपाशी थांबत. "जरा ब्रेक दाबून दावा की."

"आजोबा, गुमान बसा," ड्रायव्हर म्हणे.

"बसतो. पर दाबा एकदा. माझ्या समाधानाला."

ड्रायव्हर वैतागून दाबे. चाचा कान देऊन ऐकत आणि मान हलवून बसत. एकदा मात्र ते ऐकून सरळ खाली उतरले आणि आम्ही दोघं पुढच्या गाडीची वाट पाहत तासभर स्टँडवर बसलो. आधीची एस.टी. सुखरूप पोचली हे नंतर कळलंच. मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "चांगलं झालं की. मी काय ती पडावी म्हून उतरलो हुतो का?"

मी एकदा त्यांना विचारलंही, की नोकरीत कधी काही भयंकर पाहिलं होतं का. कुणाचा अपघात, काही? मला वाटलं होतं, या वेडामागे एखादी गोष्ट असणार.

"न्हाई," ते म्हणाले. "एक बी न्हाई. म्हून तर."

माझ्या तिथल्या शेवटच्या काही महिन्यांत चाचा पाना हातात धरत नव्हते. खुर्ची टाकून बसत, गाडीवाल्याबरोबर आलेल्या माणसाच्या हातात पाना देत आणि सगळं त्याच्याकडूनच करून घेत. लिव्हर दाबायला गाडीवालाच. दाखल्यावर फिटरची सहीसुद्धा त्या बरोबरच्या माणसाचीच. लोकांना वाटे, वय झालं. खरं कारण मी होतो.

आमच्या मुख्याध्यापकांनी डिस्क ब्रेकची नवी गाडी घेतली होती. माणूस शिस्तीचा आणि मानाला फार जपणारा. एकदा गाडी घसरून पडली, तेव्हा गॅरेजवाल्याने ब्रेकची नळी बदलून दिली. पण लिव्हर दाबला की तो भसकन हँडलला टेकू लागला. मी उत्साहाने चाचांचं नाव सांगितलं. माझी तीन वर्षं त्या जूनमध्ये पुरी होणार होती आणि अहवाल त्यांच्याच हातात होता. तेव्हा साहेबांच्या उपयोगी पडावं असं मला वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

मार्चमधला शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर ते मांडवगणहून हळूहळू गाडी चालवत दौंडला आले. चाचांची ड्युटी संपलेली होती, तरी माझ्यासाठी त्यांनी पुन्हा बूट घातले. सगळी तयारी केली आणि म्हणाले, "बसा साहेब. लिव्हर धरा."

मुख्याध्यापकांनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. "मी? अहो, हे गुरुजी आहेत ना. ते दाबतील."

मला वाटलं, आता चाचा गाडी परत पाठवणार. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे. ते म्हणाले, "बसा मास्तर."

काम छान चाललं होतं. दाबा, धरलं, सोडा. बुडबुडे कमी होत-होत थांबले होते आणि आता शेवटच्या दहा वेळा मोजणं चालू होतं. नववी वेळ. मी लिव्हर धरला, 'धरलं' म्हणालो, चाचांनी खाली निपल ढिला केला. तेवढ्यात मागून मुख्याध्यापकांनी मला आडनावाने हाक मारली.

शाळेत साहेबांनी हाक मारली की आम्ही सेवक मंडळी उभे राहत असू. हातात खडू असो की डबा, तो खाली आणि आम्ही उभे. ती सवय अंगात इतकी मुरली होती की मी "हो सर!" म्हणत गाडीवरून अर्धा उठलो, आणि हात लिव्हरवरून सुटला. निपल अजून उघडा होता. चटकन बसून मी पुन्हा लिव्हर दाबला, तोवर चाचांनी निपल बंद केला होता.

साहेब विचारत होते, दौंडला चांगली पेनं कुठे मिळतात.

चाचा खाली वाकलेले होते. त्यांना माझा हात दिसत नव्हता. पण काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी मान वर केली.

"मास्तर, धरलं हुतं ना?"

साहेब मागे उभे होते. साध्या कामातही माझा हात चुकतो, हे त्यांना दिसायला नको होतं.

"हो," मी म्हणालो.

चाचा माझ्या शब्दावर पुढे गेले. दहावी वेळही बुडबुड्याशिवाय झाली. त्यांनी दोन बोटांनी लिव्हर दाबला, पुन्हा एकदा दाबला, आणि दाखला लिहिला. साहेबांनी हसत ड्रायव्हर म्हणून सही केली. जाताना म्हणाले, "सोमवारी शिरूरला मीटिंग आहे. मुलीलाही कॉलेजला सोडायचंय. बरं झालं, आजच काम झालं."

रविवार मी कसा काढला ते मलाच माहीत. पुस्तक उघडलं की मुख्याध्यापकांच्या मागे बसलेली मुलगी दिसे आणि पुढे उसाचा ट्रक. एवढ्याशा हवेने काय होणार, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलं. चाचांच्या ओट्यासमोरून चारदा गेलो आणि चारदा पाणी भरून परत आलो. चाचींनी विचारलंसुद्धा, "आज एवढं पानी कशाला लागतंय?"

सोमवारी पहाटे गाडी बाहेर काढताना चाचा नळावर तोंड धूत होते. मी सांगितलं. सगळं. हाक, हात, आणि मग बोललेलं खोटं.

ते रागावले नाहीत. चूळ भरली, टॉवेलने तोंड पुसलं.

"निघनार कवा ते?"

"प्रार्थना झाली की. पावणेआठला."

"फोन?"

"त्यांचा फोन आठ दिवस बंद आहे. शाळेतही नाही."

"चला," म्हणाले आणि पान्याची पिशवी घेऊन माझ्या गाडीपाशी आले. तिथे मात्र थांबले. माझा लिव्हर दाबून पाहिला. खिशातून पॅड काढलं, दाखला लिहिला, माझी सही घेतली आणि गार्ड म्हणून स्वतः सही केली. मी घायकुतीला आलो होतो. "चाचा, उशीर होतोय!"

"परवा घाईच झाली हुती ना?" ते म्हणाले आणि मागे बसले.

आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा प्रार्थना संपली होती. मुख्याध्यापक गाडी चालू करून बसले होते आणि मुलगी मागे, मांडीवर पुस्तकं घेऊन. चाचा माझी गाडी पुरती थांबायच्या आतच उतरले आणि जाऊन त्यांच्या चाकासमोर उभे राहिले.

"साहेब, दाखला परत द्या."

"कसला दाखला?"

"परवाचा. तो खोटा हाय."

दोन-तीन शिक्षक वर्गात जायचे थांबले. साहेबांचा चेहरा लाल झाला. "सही तुमचीच आहे ना त्यावर?"

"माझीच हाय. म्हून मीच आलो."

"अहो, मला मीटिंगला उशीर होतोय. शाळेच्या दारात हा काय तमाशा?"

"चूक माझी हाय," चाचा म्हणाले. "चालवनाऱ्यानं लिव्हर धरायचा असा माझा नियम हाय. मी तो मोडला. आता..."

ते एवढंच सांगणार होते. माझं नाव घेणार नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. मी गाडी स्टँडवर लावली आणि पुढे झालो.

"सर, चूक माझी आहे. तुम्ही हाक मारलीत आणि मी उठलो, तेव्हा हात आधी सुटला. हवा आत गेली असणार. चाचांनी विचारलं, तर मी खोटं बोललो."

गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं. मग मागची मुलगी खाली उतरली.

"पप्पा, दाबा ना तुम्ही. पाच मिनिटांचं तर काम आहे."

"तुझं कॉलेज?"

"पहिला तास मराठीचा आहे," ती म्हणाली. मी मराठीच शिकवत होतो, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

मुख्याध्यापकांनी इंजिन बंद केलं. बाह्या वर केल्या आणि लिव्हर धरला. चाचा मातीत बसले.

"दाबा."

"हं."

"हं न्हाई. धरलं म्हना. मोठ्यानं."

"धरलं!" मुख्याध्यापक म्हणाले. प्रार्थनेच्या रांगेतून वर्गाकडे निघालेली पोरं वळून बघू लागली.

पहिल्या पाच वेळा नुसतं तेल आलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. चाचांनी पान्याच्या दांड्याने टिचक्या मारल्या. सातव्या वेळी नळीतून एक बुडबुडा गेला. मोहरीएवढा. लिव्हर धरलेल्या साहेबांनी तो स्वतः पाहिला.

"एवढ्याशानं काय होतं?" ते म्हणाले, पण हळू आवाजात.

"काय बी व्हत न्हाई," चाचा म्हणाले. "किंवा व्हतं. कंचं ते बघायला गाडी चालवावी लागती, मागं पोरगी बसवून."

पुढच्या दहा वेळा एकही बुडबुडा आला नाही. नवा दाखला झाला. मुलीने गार्ड म्हणून सही केली आणि जुना कागद चाचांनी फाडून तुकडे खिशात घातले. गाडी फाटकातून बाहेर पडली. तिथल्या गतिरोधकावर साहेबांनी पुढचा ब्रेक दाबला. मागचा लाल दिवा लागला, गाडी जागच्या जागी बसली आणि पुढे गेली. चाचा पायरीवर टेकले. मी पाणी आणून दिलं.

मुख्याध्यापक त्या गोष्टीबद्दल माझ्याशी कधीच बोलले नाहीत. अहवाल चांगला गेला आणि जूनमध्ये मी कायम झालो. फरक एवढाच दिसला की, माझ्या हातात काही असलं तर ते हाक मारायचे थांबत. माझं काम होईपर्यंत उभे राहत आणि मग बोलत.

चाचांनी मात्र स्वतःला सस्पेंड केलं. दुसऱ्या दिवशी लोक गाड्या घेऊन आले, तर ते बनियनवर ओट्यावर बसलेले. "मी सस्पेंड हाय. महिनाभर."

"कुनी केलं?" लोक विचारत.

"खात्यानं."

"कंच्या खात्यानं?"

"हितं दुसरं कंचं हाय?" ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणत. लोक चाचींकडे बघत. चाची म्हणत, "घरातली कामं बी बंद हायेत. तिथं बी सस्पेंड झालेत."

महिना भरला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. रेल्वेत चूक झालेल्या माणसाची परीक्षा घेतल्याशिवाय त्याला कामावर घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. परीक्षा मीच घ्यायची. मी नाही म्हणून पाहिलं. ज्यांच्याकडून सगळं शिकलो त्यांना मी काय विचारणार?

"बी.एड. कशाला केलंत मग?" ते म्हणाले.

रविवारी सकाळी ओट्यावर परीक्षा झाली. ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी समोर वही घेऊन. चाची दारात गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "कॉपी करू देऊ नका त्यांना."

मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. तेल कोणतं, किती जुनं झालं की बदलायचं, निपल किती फिरवायचा, हवा वर कुठे अडकते, ब्रेकच्या पट्ट्यांवर तेल पडलं तर काय करायचं. एकही उत्तर चुकलं नाही. मी प्रत्येकासमोर बरोबरची खूण करत होतो आणि मनातून खूश होत होतो, की दुपारपासून अंगणात पुन्हा गाड्या लागतील.

"शेवटचा प्रश्न," मी म्हणालो. तो मी सोपा म्हणून ठेवला होता. "गाडी चालवणाऱ्याने लिव्हर धरायला नकार दिला, तर फिटरने काय करायचं?"

"गाडी परत पाठवायची."

मी खूण करायला पेन टेकवलं. पण ते पुढे बोलत होते.

"थांबा. तुमी प्रश्न अर्धाच विचारला. तो मानूस माझ्या भाडेकरूचा साहेब असला आन् भाडेकरूची नोकरी त्याच्या हातात असली, तर?"

चाचींचा गहू निवडणारा हात थांबला.

"तरी परत पाठवायची," ते म्हणाले. "हे बरोबर उत्तर हाय. लिवा." मग त्यांनी अंगणाकडे बोट केलं. "पर मास्तर, उद्या तसाच पुन्हा कुनी आला आन् तुमी तसंच तोंड करून हुबं ऱ्हायला, तर मी परत पाठवनार न्हाई. महिनाभर हाच इचार केला. न्हाई पाठवनार. तवा मला नापास करा."

"चाचा, तुम्ही खरं सांगितलंत. उलट याला तर..."

"खरं बोललो म्हून मार्क देऊ नका. ब्रेकला त्याचं काय बी नसतं."

मी वहीत वरपासून खालपर्यंत पाहिलं. चौदा बरोबरच्या खुणा होत्या. पंधराव्यासमोर पेन बराच वेळ तसंच राहिलं. मग मी खाली 'नापास' लिहिलं आणि सही केली.

चाचांनी वही माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर ढकलून नीट वाचलं आणि दाराकडे बघून म्हणाले, "निकाल बरोबर लागला गं. चहा टाक मास्तरांना."